बीड म्हणून गळ्यात मारलेला पत्रा

पन्हाळ्यावर आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. हॉलमध्ये दगडी फायरप्लेस आहे, पण उघडी. पाटीभर लाकूड जाळलं तरी ऊब सगळी चिमणीतून आभाळात जायची. पावसाळ्यात तिथं चार-चार दिवस धुकं हटत नाही, गाद्यासुद्धा ओल्या लागतात. म्हणून त्या कोनाड्यातच बसेल अशी, काचेच्या दाराची बंद शेगडी करून घ्यायचं ठरवलं.

कोल्हापुरातल्याच एका फॅब्रिकेटरनं येऊन माप घेतलं. "साहेब, अस्सल बीड हाय, नातवंडं वापरतील." बीड म्हणजे ओतीव लोखंड. 62 हजार ठरले, 45 हजार ॲडव्हान्स गूगल पेवरून दिला. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं की जीएसटी आला, कशाला उगं?" मीही मान डोलावली. चार पैसे वाचवायची हाव माझीच, कबूल आहे.

शेगडी छोटा हत्तीतून आली. दोन पोरांनी उचलली आणि कुठंही न टेकता पायऱ्या चढून आत नेली. माझी ट्यूब तिथंच पेटायला हवी होती. एवढ्या मापाची बिडाची शेगडी सहज शंभर किलोला जाते. त्यानं दार उघडं ठेवून कागद आणि काटक्या पेटवून दाखवल्या. धूर वर गेला, उरलेले पैसे खिशात गेले.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा दार लावून जाड लाकडं घातली. तासाभरात हॉलभर धूर, सगळ्यांची डोकी चढली. बायकोला गरगरायला लागलं तशी खिडक्या उघडल्या. धूर निदान दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, रात्री सगळे तिथंच झोपलो असतो तर? दुसऱ्या दिवशी दाराची काच उभी तडकली.

आमचे दाजी शिरोलीत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. त्यांनी आल्या आल्या पान्यानं शेगडीवर ठोकलं. टण्ण आवाज आला. "बीड असं वाजत नाही, मुकं बोलतं." मग मागच्या बाजूला ड्रिल लावलं. बिडाचा काळा भुगा पडतो, इथं जिलबीसारखी कुरळी साल निघाली. काळ्या रंगाखाली कोपऱ्यात वेल्डिंगच्या रेघाही सापडल्या. ज्या गावच्या फौंड्र्यांचं ओतकाम देशभर जातं, तिथल्याच माणसाला पत्रा बीड म्हणून विकला!

खरी मेख वर होती. टॉर्च मारून बघितलं तर पाइप जेमतेम दोन फूट, जुन्या रुंद चिमणीत अधांतरी सोडलेला. त्या गार, ओल्या पोकळीत धूर थंडावतो, ओढ राहत नाही, मग तो खालच्या फटींतून घरात उतरतो. पाइप शेगडीच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत सलग स्टेनलेस स्टीलचा हवा, खालची फट पत्र्यानं बंद हवी आणि वर पावसाची टोपी. काचही साधी टफन्ड होती. अशा दाराला सिरॅमिक काच लागते.

फोन केला तर, "तापून तापून बसंल की." नंतर फोन उचलणंच बंद.

बिल नाही, तरी गूगल पेची नोंद आणि 'फुल बीड' लिहिलेला त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. म्हणून इथं नाव लिहीत नाही. कुणी अशी शेगडी बसवणार असाल तर उरलेले पैसे देण्याआधी ड्रिल लावा आणि शिडी लावून पाइपचं वरचं टोक स्वतः बघा.

शेगडी सध्या पडवीत आहे. आईनं तिच्यावर कुंड्या मांडल्यात.