किबोर्डनंतर बासरी: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोणते वाद्य शिकावे, याचा मी बरेच दिवस विचार केला. आवाज कोणाचा आवडतो, लवकर काय येते, घरात काय मावते, एवढेच निकष तेव्हा मी लावले होते. वाद्य आपल्याला तयार स्वर देते की तो दर वेळी आपणच घडवायचा असतो, हा प्रश्न मनात आलाच नाही. चार महिने किबोर्ड आणि त्यानंतर अकरा महिने बासरी वाजवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की निवड करताना सर्वांत आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

किबोर्डविषयी माझी तक्रार नाही. पट्टी दाबली की स्वर सुरातच येतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात साधे अलंकार बसले आणि दुसऱ्या महिन्यात दोन्ही हातांनी सोपी गाणी वाजू लागली. ज्यांना कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, वाजवायचे आहेत किंवा गाणाऱ्याला साथ करायची आहे, त्यांना मी आजही किबोर्डच सुचवीन. मला मात्र गायकी अंगाने वाजवायचे होते आणि तिथेच अडले. गंधारावरून (ग) पंचमावर (प) मींड घेताना, म्हणजे स्वर न तोडता सरकत जाताना, मधला सगळा प्रवास सलग ऐकू यायला हवा. किबोर्डवर तो सुट्या पायऱ्यांनी होतो आणि स्वर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकाने ती उणीव पुरती भरून निघत नाही. शिवाय किबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून (सा) 400 सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) येतो, तर तानपुऱ्यात मिसळून जाणारा, षड्जाशी कंपनसंख्येच्या 5:4 या प्रमाणातला गंधार साधारण 386 सेंटवर असतो. हा 14 सेंटचा फरक सुरुवातीला मला ऐकूच येत नव्हता. बासरीवर तानपुऱ्याबरोबर गंधार धरून बसण्याची सवय लागली आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास तोच किबोर्ड उघडला, तेव्हा त्याचा गंधार चढा वाटला. इतक्या महिन्यांत मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, असे मी मानतो.

मींड व्हायोलिनवरही येते. पण डाव्या हाताने स्वराची जागा शोधायची आणि त्याच वेळी उजव्या हाताने गज सांभाळायचा, हे रोजच्या अर्ध्या तासाच्या रियाजात मला साधले नसते.

बासरी घेताना माझी पहिली निवड चुकली. बासरीवादक पन्नालाल घोष (1911–1960) यांनी शास्त्रीय संगीतात रुजवलेल्या लांब, गंभीर आवाजाच्या बासरीचा नाद माझ्या कानांत होता, म्हणून मी थेट पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज असलेली), सुमारे 75 सेंटीमीटर लांबीची बासरी घेतली. जर्मन वाद्यनिर्माते थिओबाल्ड बोएम यांच्या 1847 सालच्या पाश्चात्त्य बासरीत छिद्रे कळांनी झाकली जातात, त्यामुळे ती कुठे असावीत हे ठरवताना बोटांच्या आवाक्याची अडचण येत नाही. बांबूच्या बासरीत सहाही छिद्रे थेट बोटांनीच झाकावी लागतात आणि लांब बासरीत ती दूर दूर असतात. सहाही छिद्रे बंद करून वाजवायचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, सहा आठवडे लागेना. दोष फुंकेचा आहे असे मी धरून चाललो होतो, पण एकदा बासरी खाली ठेवल्यावर सहज बोटांकडे लक्ष गेले. प्रत्येक पेरावर छिद्राच्या कडेचा गोल ठसा उमटला होता. उजव्या अनामिकेवर मात्र तो चंद्रकोरीसारखा अर्धवट होता, म्हणजे हवा तिथूनच निसटत होती. पांढरी पाचची आखूड बासरी आणल्यावर चार दिवसांत पंचम बोलू लागला. नव्याने शिकणाऱ्याने ही ठशांची तपासणी रोज करावी.

दुसरी मोठी अडचण मध्यमावरून पंचमावर जाण्याची आहे. शुद्ध मध्यमाला फक्त पहिले छिद्र अर्धे झाकायचे असते, आणि लगेच पुढच्या, मधल्या सप्तकातल्या पंचमाला सहाही छिद्रे एकदम बंद करून फुंकेचा जोर वाढवायचा असतो. एक बोट जरी मागे राहिले, तरी मध्येच नको तो स्वर चिरकतो. केवळ ‘म प, प म’ एवढेच संथ लयीत घोटण्यात माझे दोन महिने गेले आणि ते सार्थकी लागले.

पहिल्या पंधरवड्यात चक्कर येते. फाजील जोराने, भराभर श्वास घेत फुंकल्यामुळे ती येते. अशा वेळी थांबावे, जिद्दीने वाजवत राहू नये. थंडीत बासरी उतरलेली, म्हणजे स्वराच्या किंचित खाली, लागते, कारण नळीतली हवा थंड असते. तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी स्वर साधारण 3 सेंट सरकतो. म्हणून ट्यूनर लावण्याआधी मी पाच मिनिटे वाजवून ती गरम करून घेतो.

विकत घेताना एक चाचणी न चुकता करावी: मध्य षड्ज आणि त्याच बोटांनी जोराने फुंकलेला तार (वरच्या सप्तकातला) षड्ज ट्यूनरवर जुळतात का, ते पाहावे. मी बदली म्हणून मागवलेल्या एका बासरीत तार षड्ज स्पष्टपणे उतरलेला होता आणि विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार दिला. बांबू उन्हात तडकतो, हेही एक बासरी खिडकीत राहिल्यावर कळले. तेव्हापासून बासरी कापडी पिशवीत असते आणि महिन्यातून एकदा आतून तेलाचा हलका हात फिरवतो.

किबोर्ड मी विकलेला नाही, नव्या गाण्याचे स्वर शोधायला तो लागतो. लांब बासरीही जपून ठेवली आहे. दर रविवारी ती थोडा वेळ हाती घेतो आणि वाजवून झाल्यावर अनामिका पाहतो. कोर आता बरीच भरत आली आहे, पण वर्तुळ अजून पुरे झालेले नाही.