गॅदरिंगला समुद्री चाचे: रेकॉर्ड डान्स, नाटुकलं की खडीगंमत?

यंदा गॅदरिंगला समुद्री चाचे करायचे, हे पोरांनी परस्पर ठरवून टाकलंय. बसवायचं काम ज्या मॅडमच्या, सरांच्या किंवा गावातल्या हौशी दादाच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासमोर वाटा तीन.

हाताशी आठवडाच असेल तर रेकॉर्ड डान्स करा आणि मोकळे व्हा. पेन ड्राइव्हवर गाणं, डोक्याला काळं फडकं, काजळाच्या मिशा, झालं. पण त्यात नाचता येणारी आठ-दहा पोरंच दिसतात, बाकीची सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. लाइट गेली की जहाज जागेवर थांबलं. संवाद आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवायचे, हा प्रकार तर मला अजिबात पटत नाही.

संवादांचं नाटुकलं सहावी-सातवीच्या पोरांना शोभतं. अडचण माइकची. मंडपवाल्याकडून दोन स्टँड येतात आणि अख्खी टोळी त्यांच्याभोवती गोळा होते. तलवारीची लढाई रंगात असताना कप्तान मधेच थांबून माइकपाशी येतो, वाक्य म्हणतो, परत लढायला जातो. शिवाय हे दिवस कापूस वेचणीचे आणि धान चुरण्याचे. तालमीला आज हा नाही, उद्या ती नाही. एकाचं वाक्य गळलं की पुढच्याला सुचत नाही. ठरलेली दहा-बारा पोरं रोज येणारी असतील तरच या वाटेला जा.

माझं मत तिसऱ्या वाटेला, म्हणजे खडीगंमत या आपल्या शाहिरी लोकनाट्याच्या अंगानं करण्याला. शाहीर झालेला एक पोरगा किंवा पोरगी डफ घेऊन माइकपाशी उभी राहते आणि गोष्ट सांगते. मागची पोरं झील धरतात, म्हणजे त्याच्या ओळी उचलून धरतात, बाकीचे फक्त अंगानं खेळतात. माइक एकच पुरतो. चार पोरं आली नाहीत तरी झील चालूच राहते. पहिली-दुसरीतले निळं लुगडं धरून लाटा होतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं बघणाऱ्या पोरांना हे शिकवावंही लागत नाही, आणि ढोलकी वाजवणारा एखादा काका गावात सापडतोच. संवाद मोजकेच ठेवा, आणि तेही घरच्या बोलीत. ‘ज्याले हा कप्तान पायजे, त्यानं हात वर करा बे!’ या एका वाक्यावर मंडप हसतो.

आणि हे वाक्य हवेतलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चाच्यांच्या जहाजांवर कप्तान बऱ्याचदा मतानं निवडला जायचा. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे नियम तर लेखी होते: प्रत्येकाला मत, पैसे लावून पत्ते-फासे खेळायला बंदी, रात्री आठला दिवे बंद, लुटीत कप्तानाला दोन वाटे. याच्यावर अख्खा प्रवेश उभा राहतो. दोन वाटे कशाला, म्हणून भांडण लावून द्या, पुढचं पोरं स्वतः रचतात. पुरलेला खजिना आणि नकाशा हे मात्र बहुतेक गोष्टींतलंच. ठेवा, मजा येते, पण वाटणीचा प्रवेश जास्त रंगतो. पोरींना फक्त लाटा करू नका. अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघी खऱ्याच चाच्या, 1720 मध्ये जमैकाजवळ पकडल्या गेल्या.

कान्होजी आंग्र्यांना घ्या, असं कोणीतरी सुचवणारच. ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. जहाजांकडून दस्तक, म्हणजे परवाना, मागायचे, म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी हाती काही लागलं नाही. हा विषय 26 जानेवारीला स्वतंत्र करा, तिथं तो वजनदार होतो. गमतीच्या खेळात त्यांना डोळ्यावर पट्टी बांधून उभं करू नका.

जहाजासाठी रंगवलेला पडदा की बंडी, म्हणजे बैलगाडी? पडदा स्टेजवर सोयीचा, पण मैदानात कार्यक्रम असेल तर बंडीला तोड नाही. कडेच्या उभाऱ्यांना दोर, मधल्या बांबूला जुनी चादर, की शीड तयार. फक्त बैल नसलेल्या बंडीत पोरं एकदम मागं धावली की ती उलार होते, जू वर जातं आणि कप्तानासकट सगळे मातीत. मागं-पुढं भक्कम टेकू द्या, चाकांना दगड लावा, आणि एका वेळी पाच-सहाच्या वर कोणाला चढू देऊ नका. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचं पोरगं असेल तर सुकाणूवर त्यालाच ठेवा. मामा (माजी मालगुजारी) तलावात डोंगा हाकताना उभं कसं राहायचं, हे त्याला दाखवावं लागत नाही.

तलवारींना तुराटी नको. हलकी असते, फुकट मिळते, पण मोडली की टोक सुईसारखं निघतं आणि पोरं चेहऱ्यापाशीच फिरवतात. वहीचे पुठ्ठे तीन-चार चिकटवून वर चांदीचा कागद लावा. डोळ्याची पट्टी काळ्या कापडाची, इलॅस्टिकची, आणि ती खाली उभ्या राहणाऱ्यांनाच द्या. एका डोळ्यानं बंडीवर चढताना पायरीचा अंदाज चुकतो.