"पेशंटला आणायची गरज नाही" म्हणणाऱ्या एजंटने १४,७०० रुपये खाल्ले

जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलच्या गेटसमोर झेरॉक्सच्या टपऱ्या असतात ना, त्यातल्याच एकीत दिव्यांग सेवेची पाटी लावून बसलेल्या माणसाने भावाचं दिव्यांग कार्ड काढून देतो म्हणून मला लुबाडलं. हिशोब आधीच देते. फॉर्मचे १,५०० रोख, टक्के ठरवणाऱ्या "बोर्डाच्या डॉक्टरांचे" ६,००० क्यूआरवर, "अर्जंट कार्डाचे" ४,००० रोख आणि संजय गांधी निराधार योजनेच्या फाईलचे ३,२०० परत क्यूआरवर. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, नोट हातात आली की खरी-खोटी कळते मला, त्यामुळे जास्तच तळपायाची आग मस्तकात जातेय. हसायचं त्यांनी हसून घ्या.

एजंट लोक कसे बोलतात ते सगळ्यांना माहितीये, साहेब आपलेच आहेत वगैरे, ते लिहीत बसत नाही. मी गेले ती एका वाक्यावर. "ताई, पेशंटला आणायची गरज नाही, फोटो आणि आधार व्हॉट्सअॅप करा."

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना सांगायला नको की अशा माणसाला एसटीत बसवून न्यायचं आणि ओपीडीच्या गर्दीत थांबवायचं म्हणजे काय असतं. मागे एकदा नेला होता तर लायनीतून उठून गेला, शोधून शोधून स्टँडवर सापडला. त्यामुळे ते वाक्य ऐकून खरंच हायसं वाटलं मला. आणि तिथेच कळायला पाहिजे होतं, अहो माणूस बघितलाच नाही तर दिव्यांगत्वाचे टक्के कशाचे काढणार? हा प्रश्न आता रात्री झोपू देत नाही. पण मला सांगा, आत खिडकीवरचा माणूस मान वर करून बघायला तयार नाही आणि बाहेरचा खुर्ची देतो, चहा मागवतो, भावाचं नाव विचारतो. तुम्ही कुठे गेला असता? या लोकांना बरोबर माहिती असतं आपण कशाला कंटाळलोय ते, आणि तेच विकतात.

दुसरी गोष्ट क्यूआरची. पैसे पाठवताना वर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. विचारलं तर म्हणे पार्टनरचं खातं आहे. सरकारी कामाचे पैसे मोबाईल शॉपीला कशाला जातील हो! नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका, एवढं तरी करा.

कार्ड आलं, लॅमिनेशनमध्ये एका कोपऱ्याला हवेचा फुगा, फोटो मी पाठवलेलाच, मागे आमच्या स्वयंपाकघरातला निळा पिंप अर्धा दिसतोय. आणि प्रकार लिहिलाय बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. मी म्हटलं अहो त्याला मानसिक आजार आहे, तो बी.कॉम. झालाय. तर म्हणे "ताई, असं लिहिलं की रेल्वेची सवलत मिळते, मानसिक आजाराला मिळत नाही, तुमच्याच फायद्याचं केलंय." सवलतीचं ते खरंच आहे, म्हणून तर विश्वास बसला. हे लोक चारातली तीन वाक्यं खरी बोलतात.

तहसीलला निराधारच्या टेबलावर कार्ड दिलं, बाईंनी नंबर टाकला, पोर्टलवर असा कोणी माणूसच नाही. वर म्हणाल्या हे दाखवून लाभ घेतला असता तर तुम्हीच अडकला असता. घरी येऊन वाचलं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम ९१ आहे, खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे पैसे माझे गेले आणि केसही माझ्यावरच. कार्ड हातात आल्या आल्या स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग कार्डाच्या सरकारी साइटवर, नंबर टाकून बघा, माझ्यासारखं तहसीलपर्यंत जाऊ नका.

मग सुरू झाली खरी वरात. पोलिसांत गेले तर हवालदार म्हणतो "डॉक्टरांना द्यायला पैसे दिले म्हणता, म्हणजे लाच दिली की तुम्ही." त्यात पतसंस्थेत आहे कळल्यावर बाजूच्याला सांगून हसला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी क्यूआरच्या ९,२०० ची तक्रार घेतली पण पैसे गेल्या गेल्या फोन करायला हवा होता म्हणे, आणि रोखीचे ५,५०० आमच्याकडे येत नाहीत, पोलीस स्टेशनला जा. पोलीस स्टेशनचा म्हणतो ऑनलाइन आहे, सायबरला जा. हॉस्पिटलमध्ये सांगितलं तर तो आमचा माणूस नाही, गेटच्या बाहेरचं आम्ही बघत नाही. गेटच्या बाहेरचं! त्यांच्याच वॉर्डातली माणसं त्या टपरीवर चहा पितात. समाजकल्याणला गेले तर लेखी द्या, लेखी दिलं तर साहेब मीटिंगला, साहेब आले तर म्हणे हा विषय आरोग्य विभागाचा. टेबलाटेबलावर तोच अर्ज, तीच झेरॉक्स. भावासाठी रजा काढायची ती यांच्यापायी संपली, आणि एकालाही वाटलं नाही की उठून त्या टपरीपर्यंत चालत जावं.

खरं काम कसं होतं तेही आता कळलंय. पोर्टलवर नोंदणी फुकट, कार्ड फुकट. पेशंटला न्यावंच लागतं, ठरलेल्या तारखेला. नंतर भावाला नेला तेव्हा आत मानसोपचाराच्या मॅडमनी नीट विचारलं, स्वतःचं आवरतो का, माणसांशी कसा वागतो, बोललेलं समजतं का, काम करतो का, आजार किती वर्षांचा. जुने केसपेपर सगळे न्या, त्यावरून वर्षं धरतात. गर्दीचं आधीच सांगितलं तर सिस्टरनी त्याला बाजूच्या खोलीत बसवलं, म्हणजे विचारलं असतं तर तेव्हाही बसवला असता. निराधारला किमान ४० टक्के लागतात, उत्पन्नाचा दाखला वर्षाला ५०,००० च्या आतला, पैसे थेट खात्यात येतात. फाईल पुढे सरकवायचे म्हणून कोणी पैसे मागितले तर उठून या. आणि आजाराबद्दलच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तक्रारीचं स्टेटस अजून "प्रक्रियेत" दाखवतंय. तो क्यूआर बंद केला असेल तरी बघावं म्हणून परवा एक रुपया टाकून बघितला. गेला. म्हणजे आता १४,७०१.