यूएसबीवाला ३० व्होल्ट ५ अँपचा पॉवर सप्लाय: लॅपटॉपवरून चालवला, तर कसा आहे?

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हाच डबा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, पुढचं स्टिकर बदलतं, आत सगळं तेच. टेबलावर ठेवून हवं ते व्होल्टेज लावायचा टेस्टिंगचा सप्लाय: चिनी, लिनियर (म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरवाला जुन्या पद्धतीचा), एक चॅनल म्हणजे एकच आउटपुट, ३० व्होल्ट ५ अँपपर्यंत, मागे यूएसबी आणि आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट). उचलला की कळतं आत खराखुरा ट्रान्सफॉर्मर आहे.

भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, गाड्यांच्या जीपीएस ट्रॅकरची बोर्डं टेस्ट करतो. बोर्ड कारच्या १२ व्होल्टवर चाललं पाहिजे आणि ट्रकच्या २४ वर पण, म्हणून प्रत्येक बोर्डाला ९ पासून ३० पर्यंत एकेक व्होल्ट चढवत न्यायचं आणि दर पायरीला करंट लिहून घ्यायचा. हे काम नॉब फिरवून दिवसभर करायला कोणी टिकत नाही, म्हणून रिमोटवाला, म्हणजे लॅपटॉपवरून चालणारा घेतला.

सोबत आलेली सीडी सरळ कचऱ्यात टाका, आजकाल सीडी लावायला ड्राइव्ह तरी कोणाकडे आहे. यूएसबी लावली की लॅपटॉपला साधा सिरियल पोर्ट दिसतो, बॉड रेट (बोलायचा वेग) ९६००, बस. पायथॉन आणि त्याची सिरियल पोर्टशी बोलणारी लायब्ररी पायसिरियल असेल तर अर्ध्या तासात व्होल्टेज सेट होतं, करंट लिमिट सेट होते, आउटपुट चालू-बंद होतं आणि टर्मिनलवरचे खरे आकडे परत वाचता येतात. कोड लिहायचाच नसेल तर सिगरॉक हे सॉफ्टवेअर बघा, फुकट आहे आणि या जातीच्या सप्लायचा ड्रायव्हर त्यात आहे.

आता गंमत. या साहेबांना कमांडच्या शेवटी एंटर वगैरे लागत नाही, कमांड संपली हे ते नुसतं तुम्ही थांबलात यावरून ओळखतात. त्यामुळे दोन कमांड पाठोपाठ फेकल्या तर दुसरी गिळून टाकतात आणि चूं करत नाहीत, ना एरर ना बीप. मी प्रत्येक कमांडनंतर १०० मिलिसेकंद उसंत देतो आणि आउटपुट चालू करायच्या आधी व्होल्टेज परत विचारून घेतो, कारण १२ मागितले आणि मागच्या बोर्डाचे ३० तसेच राहिले तर पुढे काय होतं ते वासावरून कळतं.

चढवताना मजा येते, मधे रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) टक्क वाजतो, ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे वाइंडिंगमधला जोड बदलतो म्हणून. उतरवताना मात्र जीव खातो. हा सप्लाय करंट देतो, ओढून घेत नाही, त्यामुळे बोर्ड हलका असेल तर आउटपुटचा कपॅसिटर निवांत रिकामा होत बसतो. ३० वरून ९ सांगितलं की लगेच ९ होत नाही, स्क्रिप्टमध्ये वाट बघायला लागते. म्हणून गाडीला स्टार्टर मारल्यावर बॅटरी धाडकन ६-७ व्होल्टवर येते, तसला धक्का यावर होणारच नाही, त्याला वेगळी मशीन लागते.

करंटचं वाचन १ मिलिअँपच्या पायरीने. बोर्ड जागं असताना ठीक, पण ट्रॅकर झोपला की तो एक-दोन मिलिअँप किंवा त्याच्याही खाली जातो, तिथे हा आकडा म्हणजे नुसता अंदाज. आणि दुसरं टोक: टूजीवर जीएसएम मॉड्यूल (ट्रॅकरमधला मोबाइल नेटवर्कचा भाग) डेटा पाठवायला लागलं की बॅटरीच्या बाजूला २ अँपपर्यंत उसळी मारतं, पण एक स्लॉट, म्हणजे पाठवायची एक पाळी, असते ५७७ मायक्रोसेकंदांची. आपण सेकंदाला चार-पाच वेळा विचारणार, त्यात ती उसळी कुठून दिसणार! त्यासाठी शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) आणि ऑसिलोस्कोप काढा, लॉगवर विसंबू नका.

रिमोट सेन्स (बोर्डापाशीच व्होल्टेज मोजायच्या वेगळ्या वायरी) नाहीये, म्हणजे तो मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर. सोबतच्या क्रोकोडाइल क्लिपच्या वायरीत जाऊन-येऊन ०.१ ओहम जरी धरला तरी ४ अँपला ०.४ व्होल्ट वायरीतच गेले, लॉगमध्ये १२.०० आणि बोर्डावर ११.६. जाड वायर स्वतः बनवून घ्या.

एक गोष्ट आवडली, आउटपुटची निगेटिव्ह आणि यूएसबीचं कवच यांच्यात मल्टिमीटर लावला तर कंटिन्युइटी नाही. म्हणजे लॅपटॉपमधून ग्राउंड लूप (ग्राउंडच्या वायरींतून नको तो करंट फिरणं) होत नाही. तुमच्या पीसला पण हे एकदा तपासाच.

रात्रभर बर्न-इन (बोर्ड सलग चालू ठेवून बघायची टेस्ट) लावणार असाल तर ऐका: लॅपटॉप हँग झाला किंवा विंडोजला मध्यरात्री अपडेट सुचलं तरी सप्लाय शेवटचं व्होल्टेज धरून चालूच राहतो, लॅपटॉप गप्प झाला की आपोआप बंद करणारा वॉचडॉग नाही. म्हणून ओव्हरकरंट ट्रिप (करंट जास्त झाला की आउटपुट बंद) आधी पॅनलवरून चालू करायची. लिथियम बॅटरी याच्या भरवशावर एकटी सोडू नका. उलट लाइट जाऊन आली की आउटपुट बंदच राहतं, हे सुरक्षित आहे, पण आमच्याकडे गुरुवारी एमएसईबीवाले मेंटेनन्सला लाइट घालवतात आणि मग टेस्ट पहिल्यापासून.

बजेट असेल तर रिगॉलचा डीपी८३२ बघा, दोन चॅनल ३० व्होल्ट ३ अँपचे, तिसरा ५ व्होल्ट ३ अँपचा, आणि तो स्किपी बोलतो, म्हणजे १९९० पासून चालत आलेली ठरलेली कमांडची भाषा. उद्या दुसऱ्या कंपनीची मशीन आणली तरी स्क्रिप्ट थोडी फिरवून चालते. आमच्या पायऱ्या चढायच्या कामाला तेवढे पैसे घालायची गरज वाटली नाही, पाचपैकी साडेतीन देईन.

आणि लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर खोका उघडून सप्लायची मागची बाजू बघा. हुबेहूब याच तोंडाचं स्वस्त मॉडेल मिळतं, त्याला मागे यूएसबीच नसते, आणि दुकानदार 'सेमच आहे साहेब' म्हणून तेच पुढे सरकवतो.