कणकवलीचं कुळथाचं पीठ: पिठीला उत्तम, शेंगोळ्यांना नको

माझं माहेर जुन्नरकडचं आणि सासर कणकवलीचं. कुळीथ दोन्ही घरांत, पण माहेरी त्याच्या पिठाचे हाताने वळून रश्श्यात उकळलेले शेंगोळे होतात आणि सासरी भातासोबत खायची पातळ पिठी. लग्नानंतर पुण्यात संसार थाटला आणि पिठाची पंचाईत सुरू झाली. गावाहून आणलेलं पीठ संपलं की जवळच्या दुकानातून पाकीट आणायचं, आणि सासूबाईंनी पहिल्याच घासाला सांगायचं, "पीठ कच्चा हा गो."

त्यांचं खरंच असायचं. पिठीच्या पिठासाठी कुळीथ आधी खमंग भाजावे लागतात, मग भरडून टरफलं पाखडायची आणि उरलेली डाळ दळायची. भाजणं कमी पडलं तर पिठी कितीही उकळा, कडधान्याचा हिरवट उग्र वास जात नाही. जास्त झालं तर घशाशी कडवटपणा राहतो. पुण्यात मिळालेल्या एका पाकिटात तर धणे-जिरे-तिखट सगळं आधीच घातलेलं होतं. ती पिठी मला सूपच्या पाकिटासारखी लागली.

या गणपतीला कणकवलीच्या बाजारातून एका बचत गटाचं पीठ आणलं. साधी पारदर्शक पिशवी, आत छापील चिठ्ठी, अर्धा किलो 140 रुपये. घटकांत एकच शब्द: कुळीथ. रंग फिकट बदामी, मधूनमधून टरफलाचा बारीक तपकिरी ठिपका. पिशवी उघडली की भाजलेल्या डाळीचा वास येतो. चिमूटभर तसंच जिभेवर ठेवलं तर किंचित गोडसर लागतं. दळण अगदी मैद्यासारखं नाही, बोटांना जरा रवाळ लागतं, आणि मला ते तसंच हवं. फार बारीक पिठाची पिठी बुळबुळीत होते.

आमच्याकडची पिठी साधी. तेलात मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, हळद. लसूण लालसर झाला की चार वाट्या पाणी, मीठ, तीन-चार आमसुलं. अर्धी वाटी पीठ वेगळ्या गार पाण्यात कालवून घ्यायचं आणि उकळत्या पाण्यात एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. शेवटी मूठभर ओलं खोबरं. कांदा कोणी घालतात, सासूबाई घालत नाहीत, म्हणून मीही नाही. या पिठाच्या गुठळ्या होत नाहीत आणि सात-आठ मिनिटांत पिठी मिळून येते. गार झाल्यावर घट्ट होते, तेव्हा गॅसवरून उतरवताना जरा पातळच ठेवा. सोबत गरम भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये निखारा कुठला आणणार! तव्यावर भाजतो आणि सगळ्या खिडक्या उघडतो. श्रावणात बांगड्याच्या जागी उडदाचा पापड.

पहिल्या रात्री सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, मग म्हणाल्या, "हां, ह्या बरा हा." त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक मी ऐकलेलं नाही.

आता उणं. दळल्याची तारीख शिक्क्याने मारली आहे आणि माझ्या पिशवीवर ती पुसट होऊन वाचताच येत नव्हती. भाजलेलं पीठ असलं तरी पावसाळी हवेत किडे व्हायला वेळ लागत नाही, तारीख स्पष्ट हवीच. पिशवी एकदा फोडली की बंद होत नाही. घरी आणल्या आणल्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

आणि माझ्या माहेरच्या मंडळींसाठी: शेंगोळ्यांना हे पीठ घेऊ नका. आई न भाजलेल्या हुलग्याचं (माहेरी कुळथाला हुलगे म्हणतात) पीठ घेते, त्यात थोडं गव्हाचं पीठ, लसूण, जिरं, मिरची. ते तळहातावर वळताना एकसंध राहतं. हे भाजलेलं पीठ वळायला घेतलं की चिरा जातात आणि रश्श्यात उकळताना तुकडे पडतात. त्यासाठी हुलगे आणून गिरणीतून दळून घेणंच बरं.

मुतखड्याला कुळीथ चांगले असं आमच्या दोन्ही घरांत सांगतात. त्याचं डॉक्टरांना विचारा, मी फक्त चवीचं सांगते आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या पुसट शिक्क्याचा कापला. घेताना अर्ध्या किलोचीच पिशवी घ्या. किलोची 280 रुपयांना आहे, म्हणजे सूट काहीच नाही, आणि फोडल्यावर संपवायची घाई मात्र दुप्पट.