महिला वॉटर पोलोचे वार्षिक सदस्यत्व : बाद फेरीत पैसे वसूल, साखळीत नुसती आकडेमोड

आंतरराष्ट्रीय महिला वॉटर पोलोचे सामने थेट दाखवणाऱ्या आणि जुने सामने साठवून ठेवणाऱ्या एका सशुल्क ऑनलाइन सेवेचे मी वार्षिक सदस्यत्व घेतले होते. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार तिच्या चित्रणाबद्दल किंवा दराबद्दल नसून, ती जे विकते त्या मालाच्या असमान दर्जाबद्दल आणि तो दर्जा ग्राहकापासून झाकून ठेवण्याबद्दल आहे.

आधी जमेची बाजू. खोल पाण्यात पोहत प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये चेंडू टाकण्याच्या या खेळाचा निम्मा भाग पाण्याखाली घडतो आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा वापर येथे सढळ हाताने केलेला आहे. गोलपासून दोनेक मीटरवर गोलकडे पाठ करून ठाण मांडलेली आक्रमक खेळाडू आणि तिला मागून रेटणारी बचावपटू वरून पाहिल्यास जवळजवळ स्थिर दिसतात. खाली मात्र दोघींचे पाय आळीपाळीने गोल फिरत असतात, गुडघे एकमेकींच्या मांड्यांत रुतलेले असतात आणि पोहण्याच्या पोशाखाचा काठ कुणाच्या तरी मुठीत असतो. पंचाने शिट्टी का फुंकली हे काठावर बसलेल्या प्रेक्षकालाही कित्येकदा उमगत नाही, ते येथे पुनर्दर्शनात स्पष्ट दिसते. दोन तुल्यबळ संघांच्या सामन्यात हे चित्रण अप्रतिम वाटते.

अडचण येते ती संघ तुल्यबळ नसतात तेव्हा, आणि साखळी फेरीत ते वारंवार नसतात. २०१९ च्या ग्वांगजू विश्वविजेतेपद स्पर्धेत हंगेरीने दक्षिण कोरियाला ६४-० असे हरवले. प्रत्येकी आठ मिनिटांची चार सत्रे, म्हणजे बत्तीस मिनिटांत चौसष्ट गोल. सरासरी दर अर्ध्या मिनिटाला एक. यजमान म्हणून प्रवेश मिळालेला कोरियाचा संघ स्पर्धेच्या जेमतेम दीड महिना आधी, मुख्यतः तरुण जलतरणपटूंमधून उभा करण्यात आला होता. नंतरच्या सामन्यात रशियाने त्यांना ३०-१ असे हरवले, तेव्हा क्यूंग दा-सुलने केलेल्या त्या एका गोलवर कोरियाच्या मुलींना विजयाएवढा आनंद झाला. तो क्षण हृद्य होता हे मान्य. पण बाकीच्या वेळेत प्रेक्षकाला काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. टोकियो ऑलिंपिकमध्येही नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेवर ३३-१, तर स्पेनने २९-४ असा विजय मिळवला. अशा सामन्यांत पाण्याखालचा कॅमेराही निरुपयोगी ठरतो, कारण खाली झटापट नसतेच. चेंडू हिसकावला जातो, तीन खेळाडू मोकळ्या पाण्यातून पुढे निघतात आणि गोलरक्षकापाशी बचावाला कोणीही उरलेले नसते.

ही दरी किती जुनी आणि किती पक्की आहे, हे पदकांच्या तक्त्यावरून कळते. पुरुषांचा वॉटर पोलो १९०० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, महिलांचा थेट २००० च्या सिडनी स्पर्धेत आला. तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या सात स्पर्धांतील एकवीस पदके अमेरिका, ऑस्ट्रेलिया, स्पेन, नेदरलँड्स, इटली, हंगेरी, रशिया आणि ग्रीस या आठ देशांनीच वाटून घेतली आहेत. आशियात चीनचा दबदबा असा, की २०१० मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांचा वॉटर पोलो आल्यापासून सलग चार सुवर्णपदके त्यांच्याकडेच गेली. मात्र विश्वविजेतेपद स्पर्धेत २०११ च्या शांघायमधील रौप्यपदकानंतर त्यांना पहिल्या तिघांत जागा मिळालेली नाही.

कारणे गूढ नाहीत. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यामुळे अमेरिकी विद्यापीठांना महिलांचे संघ पोसावे लागले आणि त्यातून या खेळाला खेळाडूंचा अखंड पुरवठा मिळाला. तोही किती एकवटलेला, तर २००१ मध्ये सुरू झालेले तिथले राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद २०२५ पर्यंत कॅलिफोर्नियातील तीनच विद्यापीठांकडे फिरत राहिले. युरोपात हेच काम कातानिया, साबादेल, ऑलिंपियाकोस यांसारखे क्लब करतात. ज्या देशात विद्यापीठही नाही आणि क्लबही नाही, त्याने खोल पाण्याचा तलाव बांधला तरी वर्षभर एकमेकींशी झुंजणाऱ्या तेरा खेळाडू आणायच्या कोठून? आणि शिखरावरही सुबत्ता आहे असे नाही : २०२४ मध्ये अमेरिकेची कर्णधार मॅगी स्टेफन्स हिने आपल्या सहकाऱ्यांना पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी करावी लागते असे जाहीरपणे लिहिले, तेव्हा फ्लेवर फ्लेव्ह हा रॅप गायक त्या संघाचा प्रायोजक झाला. विजेत्यांची ही कथा, तर तळाच्या संघांचे काय होत असेल!

‘अमेरिकाच जिंकणार, मग पाहायचे कशाला’ ही तक्रार मात्र आता शिळी झाली आहे. २०१२ ते २०२१ या काळात ती रास्त होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा अंतिम सामना अमेरिकेने १२-५ असा, तर टोकियोचा १४-५ असा जिंकला होता. पण २०२३ च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत इटलीने त्यांना उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवले, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले, आणि कांस्यपदकही नेदरलँड्सच्या सब्रिना फान डर स्लोटने अगदी शेवटच्या क्षणी केलेल्या गोलमुळे ११-१० असे हातचे गेले. सुवर्ण स्पेनने जिंकले. २०२५ मध्ये सिंगापूर येथे ग्रीसने अंतिम सामन्यात हंगेरीला १२-९ असे हरवून विश्वविजेतेपद मिळवले. म्हणजे वरच्या सात-आठ संघांत कोण कोणाला हरवेल हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही आणि माझ्या मते सांघिक जलक्रीडेत याहून चुरशीचे काही पाहायला मिळत नाही. दरी आहे ती या संघांच्या खाली.

सेवेने ही वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मांडायला हवी होती. प्रत्यक्षात वेळापत्रकात सगळे सामने एकाच ठशात छापलेले असतात, प्रत्येकापुढे ‘रंगतदार लढत’ छापाचे वर्णन असते, आणि पहिल्या सत्रातच दहा गोलांचा फरक पडल्यावर समालोचक खेळावर बोलणे सोडून हवामानाकडे वळतात. दुबळ्या संघाविषयी प्रेक्षकाला काही सांगण्याची हीच खरी वेळ असते : या मुली कोठे सराव करतात, त्यांचा बचाव नेमका कोठे फुटतो, मागच्या स्पर्धेपेक्षा त्या सुधारल्या का. यातले काहीही कानावर पडत नाही. त्यातच संग्रहातील चित्रफितींच्या शीर्षकात निकाल आधीच छापलेला असतो. एकतर्फी सामन्यात त्याने काही बिघडत नाही, पण शूटआउटपर्यंत गेलेल्या उपांत्य सामन्याचा पार विचका होतो.

लॉस एंजेलिस २०२८ साठी महिला संघांची संख्या दहावरून बारा, म्हणजे पुरुषांएवढी, करण्यात आली आहे. हा निर्णय मला योग्य वाटतो, मग त्यापायी आणखी काही सामने तीस गोलांच्या फरकाने संपले तरी चालेल. पॅरिसमध्ये आफ्रिकेचा एकही महिला संघ नव्हता आणि आशियातून एकटा चीन होता; तिथली चुरस काही अंशी या गाळणीतूनही आली होती.

गुणांकन करायचे तर चित्रणाला पाचपैकी साडेचार, समालोचनाला दोन, संग्रहाच्या मांडणीला दीड. नव्या ग्राहकाने वार्षिक सदस्यत्वाच्या फंदात पडू नये. मोठ्या स्पर्धेच्या महिन्यापुरते पैसे भरावेत, उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचा एकही सामना चुकवू नये, आणि साखळीतला एखादा एकतर्फी सामना पाहायचाच असेल तर आवाज बंद करून हरणाऱ्या संघाच्या गोलरक्षकावर लक्ष ठेवावे. त्या सामन्यात सर्वाधिक काम तिलाच असते.