अखेरच्या तालमींसाठी क्यूलॅब : दिग्दर्शकाच्या गरजेतून एक परीक्षण

विद्यार्थ्यांचे नाटक बसवताना ध्वनीची बाजू बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. तोवर संवाद पाठ झालेले असतात, हालचाली बसलेल्या असतात, आणि मग कोणीतरी साध्या म्युझिक प्लेअरवर तुकड्यांची यादी लावून विंगेत बसतो. एक तुकडा संपला की नको असतानाही पुढचा वाजू लागतो आणि आवाज उतरवायचा तर तो हाताने ओढावा लागतो. फिगर ५३ या अमेरिकी कंपनीचे क्यूलॅब हे सॉफ्टवेअर नेमके रंगमंचावरच्या या कामासाठी बनवलेले आहे, आणि त्याचा खरा उपयोग अखेरच्या तालमींत कळतो, असे माझे ठाम मत आहे.

नाटकातला प्रत्येक आवाज, प्रत्येक फेड (आवाज हळूहळू चढवणे किंवा उतरवणे), लागल्यास प्रकाशबदल आणि चित्रफीतही येथे क्रमवार यादीत क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी सोडायची एक कृती, म्हणून बसते आणि 'गो'चे बटण किंवा स्पेसबार दाबला की पुढचा क्यू सुटतो. समजा, वडील दार आपटून निघून जातात, त्यासरशी रेडिओवरचे गाणे निम्म्यावर येते आणि मुलीचे पहिले वाक्य सुरू होताना पूर्ण विरते. दाराच्या आवाजाला पहिला फेड जोडून ठेवला, की एका दाबात दोन्ही गोष्टी घडतात. दुसरा फेडही ठरावीक सेकंदांनी आपोआप सुरू करता येतो, पण तो मोह टाळावा. विद्यार्थी नटांची लय तालमीत एक आणि भरलेल्या प्रेक्षागृहात दुसरी असते. मुलगी जास्त थांबली तर गाणे तिच्या आधीच संपेल आणि ती शांतता तिला पेलणार नाही. म्हणून तो फेड ऑपरेटरच्याच बोटावर ठेवावा आणि त्याला कागदाकडे नव्हे, तर मुलीच्या श्वासाकडे पाहायला शिकवावे.

तांत्रिक तालमीत दिग्दर्शक सारखा थांबवतो, मागे जातो, मधूनच सुरू करतो. या उलटसुलट कामाला हे सॉफ्टवेअर फार चांगली साथ देते. यादीतल्या कोणत्याही क्यूवर एका क्लिकमध्ये जाता येते, आणि चार मिनिटांचे गाणे तिसऱ्या मिनिटापासून हवे असेल तर तेही तसे तयार ठेवता येते. बारा आणि तेरा यांच्यामध्ये नवा आवाज सुचला तर त्याला १२.५ क्रमांक देता येतो, त्यामुळे रंगमंच व्यवस्थापकाच्या संहितेतले आधीचे आकडे खोडावे लागत नाहीत. एस्केप दाबले की चालू असलेले सगळे आवाज हळूहळू उतरून थांबतात. घाबरलेल्या हाताकडून 'गो' दोनदा दाबले जाऊ नये यासाठी दोन दाबांमध्ये किमान अंतर ठरवण्याची सोय आहे. नवख्या ऑपरेटरसाठी ती पहिल्याच दिवशी चालू करावी. रंगीत तालमीपासून शो मोड लावला की चुकून काही सरकत किंवा पुसले जात नाही.

मर्यादाही नीट जाणून घ्याव्यात. हे केवळ ॲपलच्या मॅक संगणकांवर चालते, आणि ज्या गटाकडे मॅक नाही त्याच्यासाठी विषय तिथेच संपतो. मोफत आवृत्तीत ध्वनीसाठी दोनच वाहिन्या, म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याचे स्वतंत्र मार्ग, मिळतात. डाव्या-उजव्या स्पीकरवर भागणाऱ्या बहुतेक विद्यार्थी प्रयोगांना त्या पुरतात, पण नेपथ्यामागच्या वेगळ्या स्पीकरमधून रेडिओ वाजवायचा असेल तर परवाना लागतो. तो दिवसाच्या भाड्यानेही मिळतो, त्यामुळे फक्त अखेरच्या तालमी आणि प्रयोग यांच्यापुरता घेणे शक्य आहे.

क्यूलॅबच्या फाइलमध्ये ध्वनिफिती साठवल्या जात नाहीत, फक्त त्या कुठे ठेवल्या आहेत याची नोंद असते. घरच्या संगणकावर बनवलेली नुसती फाइल नाट्यगृहात नेली तर यादी दिसते, पण आवाज सापडत नाहीत. सर्व फिती एका फोल्डरमध्ये गोळा करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. तो फोल्डर प्रयोगाच्या मॅकवर टाकून, रंगीत तालमीच्या आधी पहिल्या क्यूपासून शेवटच्यापर्यंत एकदा वाजवून पाहावा.